सोयापेंडीवर रोहू पोसतो, जिताड्याचे गणित वेगळे

शेततळ्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडलेल्या एका शेतकऱ्याने विचारले आहे की गोळीखाद्य परवडत नाही, तर घरचे सोयाबीन दळून घातले तर चालेल का? दुसरे शेतकरी सोयाचे पीठ आणि शेंगदाणा पेंड घालत आहेत. मासे खातात पण वाढत नाहीत आणि पाणी हिरवेगार झाले आहे. तिसरा प्रश्न रायगडमधल्या जिताड्याच्या तळ्याचा आहे: जिताड्याला असे घरचे सोयाचे मिश्रण चालेल का?

रोहू-कटल्याला वनस्पतीची प्रथिने चालतात, पण कच्चे सोयाबीन दळून तळ्यात टाकू नका. त्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटक असतो. मासा पोटभर खातो आणि बरीच प्रथिने न पचताच विष्ठेतून बाहेर पडतात. दाणा नीट शिजवला किंवा भाजला की हा घटक बहुतांशी निकामी होतो. सोया डीओसीला (तेल काढून उरलेल्या सोयापेंडीला) कारखान्यातच उष्णता दिलेली असते, म्हणून मी घरच्या पिठापेक्षा डीओसी घ्या असेच सांगेन. घेताना युरिएज चाचणीचा अहवाल मागा. आकडा जास्त असेल तर माल कच्चा आहे. करपलेला, काळपट मालही नको, कारण जास्त भाजल्याने त्यातले लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) माशाच्या उपयोगाचे राहत नाही.

आता न वाढणाऱ्या माशांबद्दल. पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का अर्धेच सांगतो. शेंगदाणा पेंडीत प्रथिने 40 टक्क्यांच्या वर असतात, पण लायसिन आणि मिथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्ले कमी. सोयात लायसिन चांगले, मिथिओनिन तोकडे. एक अमिनो आम्ल कमी पडले की बाकीच्यांचे मांस बनत नाही. मासा ती ऊर्जेसाठी जाळतो आणि त्यांतला नत्र अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात येतो.

फॉस्फरसकडे तर आपले लक्षच जात नाही. धान्य आणि तेलबियांमधला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवण्याची ताकद माशाच्या आतड्यात जवळजवळ नसते आणि नुसत्या भाजण्याने तो फारसा सुटत नाही. असा फॉस्फरस पाण्यात जाऊन शेवाळ वाढवतो. तुमचे पाणी हिरवे होण्याचे हे एक मोठे कारण. दाट शेवाळामुळे पहाटे प्राणवायू घटतो. इकडे माशाला फॉस्फरस कमी पडला की वाढ खुंटते, अंगात चरबी साचते, डोक्याची हाडे आणि कणा वेडावाकडा होतो.

यावर उपाय म्हणून बरेच जण जनावरांसाठी आणलेले डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) मिसळतात. रोहू, कटला, सायप्रिनस या कार्प माशांना जठर नसते, पोटात आम्ल नसते, त्यामुळे सायप्रिनसला डीसीपीतला जेमतेम निम्मा फॉस्फरस लागू पडतो. एमसीपी म्हणजे मोनोकॅल्शियम फॉस्फेट बरेच चांगले पचते. थोडे महाग असले तरी तेच घ्या. तूर्त खाद्य कमी करा आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर खाद्य देणे थांबवून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लावा.

बुरशी लागलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उकळल्याने जात नाही आणि ते यकृतावर घाला घालते. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांत यकृताच्या कर्करोगाची साथ आली, तिचे मूळ सरकी पेंडीतल्या याच विषात सापडले. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही असते, म्हणून तिचे प्रमाण कमीच ठेवा.

जिताडा मांसाहारी आहे. त्याच्या खाद्यात 40 ते 45 टक्के प्रथिने लागतात आणि त्यांत फिशमीलचा (सुक्या माशांच्या भुकटीचा) वाटा मोठा हवा. फिशमीलमध्ये टॉरिन हे पोषकद्रव्य असते, सोयात ते जवळजवळ नसतेच. नॉर्वेत सामन या मांसाहारी माशांना जास्त सोयापेंड दिल्यावर आतड्याच्या मागच्या भागाला सूज आलेली दिसली. सोयातले सॅपोनिन हे द्रव्य त्याला कारण ठरते आणि ते उष्णतेने जात नाही. सायप्रिनसलाही सुरुवातीला अशी सूज येते, पण काही आठवड्यांत ती भरून निघते. सामनला तसे जमत नाही. म्हणून जिताड्याला त्याचेच तयार खाद्य द्या, घरचे मिश्रण नको.

रोहू-कटल्याच्या वाढत्या माशांना 25 ते 30 टक्के प्रथिने पुरतात. डीओसी, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा यांच्यासोबत थोडे तरी फिशमील ठेवा. खाद्य बदलताना आठ-दहा दिवस जुन्यात नवे मिसळत जा. ताटात खाद्य ठेवून दोन तासांनी किती उरले ते पाहा आणि दर महिन्याला जाळे टाकून वजन घ्या. कणा वाकलेले किंवा डोळे पांढुरके झालेले मासे दिसले तर दोन-चार मासे बर्फात घालून, वापरलेल्या खाद्याच्या नमुन्यासह जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणा.