अर्धं घर आईचं, मग अन्याय कुठला?

प्रश्न: संसार सांभाळून एम.ए. करतेय, विषय स्त्री-अभ्यास. वडील जाऊन चार वर्षं झाली. कायद्यानं अर्धं घर आईचं. पण गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात ओटी भरायची वेळ आली, तशी ती आपणहून उठून मागच्या पडवीत जाऊन बसली. रात्री म्हणाली, "अर्दें घर म्हजें, पूण वटी भरपाक म्हाका कोण आपयता?" म्हणजे, ओटी भरायला मला कोण बोलावतं? भाऊ म्हणतो, "गोव्याच्या कायद्यानं बाईला इतकं दिलंय, आणखी काय पाहिजे? आम्ही सांभाळतो ना तिला!" अभ्यासाला अमेरिकी विचारवंत नॅन्सी फ्रेझर आहे. संपत्तीचं पुनर्वाटप आधी की समाजातली मान्यता आधी? आईकडे बघून मला याचं उत्तर सुचत नाही.
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर: तुझा भाऊ निम्मा बरोबर आहे, आणि त्या निम्म्यावरच मी तीस वर्षं वकिली केली. 1867चा पोर्तुगीज नागरी कायदा 1961च्या गोवामुक्तीनंतरही इथे राहिला. वारशाचा भाग पुढे गोव्याच्या 2012च्या कायद्यात आला, गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला की नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र. नवरा गेला की निम्मी बायकोची स्वतःचीच. वारसा चालतो तो उरलेल्या निम्म्याचा, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखी. हे काही थोडं नाही.

आता माझ्या टेबलासमोरची एक दुपार सांगते. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) भावाचं एकट्याचं नाव लागावं म्हणून तीन बहिणी हक्कसोडीची सही करायला आल्या होत्या. सोबत नवरे, कारण त्यांच्याही सह्या घ्याव्या लागतात. दोघींनी वाचलंसुद्धा नाही. तिसरीनं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं आणि भावाला विचारलं, "दादा, चवथीक आपयतलो मरे?" गणेशचतुर्थीला बोलावशील ना, एवढंच. तो हसला. तिनं सही केली. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना आपण माहेरी असू, एवढ्यासाठी कुळागराचा चौथा हिस्सा गेला. मी कागद पुढे सरकवले आणि फी घेतली, हेही सांगायला हवं.

फ्रेझर मी निवृत्तीनंतर वाचली. 1995च्या निबंधात ती म्हणते, अन्याय दोन तऱ्हांचे: एक वाटपाचा, दुसरा दर्जाचा. विचार करताना ते वेगळे धरावेत, जगण्यात ते एकमेकांत गुंतलेले असतात. 2003च्या दोघांच्या पुस्तकात जर्मन तत्त्वज्ञ ॲक्सेल होनेथ तिला उलट सांगतो की मुळात सगळा लढा मान्यतेचाच. प्रेम, हक्क आणि समाजात मिळणारी किंमत ही तिची तीन रूपं, आणि वाटपाचं भांडणही त्यातच येतं. माझ्या टेबलासमोरची ती बहीण होनेथला दाखवली असती तर तो म्हणाला असता, बघा, शेवटी मानच! मला ते पटत नाही. तिला चवथीचं बोलावणं मिळालं, कुळागर गेलंच. तुझ्या आईला घर मिळालं, बोलावणं गेलं. या दोघींना शेजारी बसव, म्हणजे 'आधी काय' हा प्रश्नच चुकीचा वाटायला लागेल.

त्याऐवजी फ्रेझरची कसोटी लाव: ही बाई इतरांच्या बरोबरीनं सगळ्यात भाग घेऊ शकते का? सहभागाची समता म्हणतात ती हीच. आईला वाईट वाटलं का, हा मुद्दा यात दुय्यम. काहींना वाटतही नाही, सवय झालेली असते. ती *आपणहून* उठली म्हणून अन्याय टळला असंही नाही, कारण उठायचं कधी हे तिला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलंय. बदलायचा तो नियम. म्हणून मार्च आला की विधवांसाठी निघणारी वेगळी हळदीकुंकवं मला खटकतात. फुलं, भाषण, फोटो, आणि भिंत जागच्या जागी. मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मला जास्त कामाचा वाटतो. ठरावानं कपाळाला कुंकू लागत नाही, कबूल. पण निदान नियमावर बोट ठेवलं गेलं.

मग नियम कोण करतं? फ्रेझरनं पुढे तिसरी बाजू जोडली, प्रतिनिधित्वाची. आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या हक्कदारांच्या, यादीत एकही बाई नाही. कोमुनिदाद म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तिच्या उत्पन्नातला वाटा, झोण, तोसुद्धा परंपरेनं पुरुष गावकऱ्यांचाच. तुझी आई अर्ध्या घराची मालकीण असून ज्या सभेत गावची रीत ठरते तिथे तिला खुर्ची नाही.

"आम्ही सांभाळतो ना" याबद्दल भावाशी भांडू नकोस, पण एम.ए.च्या पेपरात जरूर लिही. बाजार एका बाजूला आणि समाजाचं संरक्षण दुसऱ्या बाजूला, असा अर्थ-इतिहासकार कार्ल पोलान्यीचा जो दुहेरी खेळ होता, त्यात फ्रेझरनं मुक्ती ही तिसरी सोंगटी आणली. कारण संरक्षण देणारं घरच खालची-वरची पायरी ठरवतं. सांभाळली जाणारी बाई पडवीतच बसते.

आणखी एक. दोन पानी पत्रात आईचा अर्धा वाटा आहे, भावाचं म्हणणं आहे. वडिलांच्या निम्म्यात तुझाही हिस्सा होता, त्याचं अक्षर नाही. सही करून आलीस का?