माझ्यात आईपणच नाही का?

कोथरूडची एक आई. वय ३६, हिंजवडीत आयटीत नोकरी, लेक साडेचार वर्षांची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिनं फोन पुढे केला. ‘तुमच्यात कोणती देवी?’ ही चाचणी तिनं सोडवली होती. अथीना (बुद्धीची ग्रीक देवी) ७० टक्के, डिमीटर (धान्याची आणि आईपणाची) ५. “मॅडम, म्हणजे माझ्यात आईपणच नाही का? रोज रात्री लेकीवर ओरडते. सासूबाई म्हणतात, हिच्या अंगात काली येते.”

देवींकडे वळण्याआधी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्राथमिक चाचणी भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. तिचे ७ आले. १० किंवा जास्त आले असते, किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला होकार असता, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवायचं. थायरॉइडही तपासून घेतलं. हा क्रम उलटा झाला, की खरा आजार पुराणकथेआड दडून राहतो.

सात ग्रीक देवींची ही मांडणी जीन शिनोदा बोलेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८४ साली केली. एकाच बाईत अनेक देवी वावरतात, प्रसंगानुसार एखादी पुढे येते, असं त्याही सांगतात. टक्क्यांची वाटणी चाचणीवाल्यांची. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं तर १९३८ च्या व्याख्यानात मातेच्या आदिबंधाची (सगळ्यांच्या मनात खोलवर असणाऱ्या आदिम प्रतिमेची) दोन्ही रूपं दाखवली होती, पोसणारं आणि गिळणारं. आणि उदाहरण कालीचंच दिलं होतं.

डिमीटर तरी कुठे सोशिक आहे? लेक पळवली गेल्यावर ती नऊ दिवस मशाली घेऊन हिंडली. अन्न नाही, अंघोळ नाही. पुढे तिनं जमिनीतून दाणा उगवू दिला नाही. इतका राग, आणि तोही आईचाच!

दुर्गासप्तशतीचा सातवा अध्याय या आईला मुद्दाम वाचायला सांगितला. चंड-मुंड चालून येतात, रागानं अंबिकेचा चेहरा काळा पडतो आणि तिच्या कपाळातून काली बाहेर पडते. दोघांना मारून त्यांची मस्तकं ती चंडिकेपुढे आणून ठेवते. तिथंच तिला चामुंडा हे नाव मिळतं. नेमून दिलेलं काम, ते संपलं की परत देवीपाशी. मग या आईच्या घरची काली कशासाठी येत होती?

ते शोधायला वही लिहायला लावली, १४ रात्रींची. किती वाजता, त्याआधीच्या पंधरा मिनिटांत काय झालं, शरीरात काय जाणवलं, कोणती देवी पुढे आली, त्या देवीला काय हवं होतं. एवढंच, दोन-तीन ओळींत.

पहिला आठवडा वाया गेला. पानोपानी ‘मी वाईट आई’. हा निकाल झाला, नोंद नव्हे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिही, असं सांगितल्यावर वही बोलू लागली. दुसरी चूक जास्त घातक: ‘आज काली आली.’ ओरडणारी तीच होती, म्हणून वाक्य बदलायला लावलं: ‘मी ओरडले.’ लेकीची माफी पाच मिनिटांच्या आत, एका वाक्यात, त्यात ‘पण’ नको. (मारहाण होत असेल, तर ही वही बाजूला ठेवून आधी मुलाच्या सुरक्षिततेचं पाहावं लागतं.)

दुसऱ्या आठवड्यात ती पाच रात्री ओरडली होती. पाचही वेळा पावणेनऊच्या सुमारास, साडेआठला परदेशी टीमचा कॉल असलेल्या दिवशी. शेवटचं खाणं दुपारी एकचं, झोप पाच तास.

नवरात्रात ती ‘या देवी सर्वभूतेषु’ रोज म्हणते. त्यातल्या दोन ओळींखाली तिच्याकडूनच पेन्सिलीनं रेघ मारून घेतली: निद्रारूपेण, क्षुधारूपेण. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिथं देवी भूक होऊन बसली होती, आणि ही रोज तिलाच उपाशी ठेवत होती.

आता स्कूटरच्या डिकीत राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा असतो. पार्किंगमध्येच दोन लाडू, पाणी, दहा मिनिटं बसणं, मग लिफ्ट. आठवड्यातले दोन कॉल तिनं सकाळी घ्यायला लावले. उरलेल्या दिवशी लेकीला बाबा झोपवतो. सहाव्या भेटीच्या वहीत ओरडल्याच्या दोन नोंदी होत्या, दोन्ही डबा रिकामा असलेल्या दिवसांच्या.