सायकलीला मोटर लावायची, पण गिअरसकट : नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

हिंगणा रोडवरून एक वाचक : नमस्कार भाऊ. मी एमआयडीसीत शिफ्टला जातो, घरून १४ किलोमीटर पडते. २६ इंची गिअरची जुनी सायकल आहे, मागे ७ गिअर. तिला घरीच मोटर लावायची म्हणून राहिलो तर दुकानवाला म्हणते हब मोटर टाका, मित्र म्हणते डायरेक्ट ७५० वॉटची घ्या. मले गिअर सोडायचे नाहीत. माझं वजन ७८ किलो. काय करू?

उत्तर : भाऊ, गिअर सोडायचे नाहीत हे तुम्ही बरोबर धरून ठेवलंय, दुकानवाल्याचं ऐकू नका. हब मोटर चाकातच बसते, म्हणजे तुमचे सातही गिअर फक्त पायांसाठी राहतात, मोटरला एकच गिअर. सपाट रस्त्यावर ती मस्त पळते, पण उड्डाणपुलाच्या चढावर चाक हळू झालं की मोटरही हळू होते, करंट वाढतो आणि त्यातला बराच जोर पुढे जाण्याऐवजी तारेच्या गुंडाळीत गरम होण्यात जातो. मग लोक म्हणतात मोटर कमी पडली, मोठी घ्या. मोटर कमी नव्हती पडली हो, ती चुकीच्या गिअरमध्ये होती.

हिशोबच करून पाहू. तुम्ही, सायकल, मोटर, बॅटरी मिळून १०५ किलोच्या आसपास धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेल्या पुलावर ताशी १२ किलोमीटरच्या स्पीडने चढायला साधारण सव्वादोनशे वॉट लागतात, त्यातले सत्तर-ऐंशी तुमचे पाय आरामात देतात. तोच पूल २४ च्या स्पीडने चढायचा तर पाचशेच्या वर जाते. आणि सपाट रस्त्यावर २४ ला पावणेदोनशेच्या आसपासच लागतात. म्हणजे २५० वॉटची मोटर तुम्हाला पुरते, फक्त चढावर तिला हलका गिअर पाहिजे. ७५० वॉटवाला मित्र तो एक चढ गिअर न बदलता चढता यावा म्हणून तिप्पट मोटर आणि तिला झेपेल अशी मोठी बॅटरी विकत घ्यायला सांगून राहिला.

तर मोटर क्रँकवर, म्हणजे पायडल लागतात त्या मधल्या भागावर चालवायची, चाकावर नाही. बाजारात २४ व्होल्ट २५० वॉटची एमवाय १०१६ झेड नावाची मोटर सगळीकडे मिळते, तिच्या पोटातच गिअर असतात आणि बाहेरच्या ९ दात्यांच्या चकरीला मिनिटाला सुमारे ३०० फेरे पडतात. ही चकरी सायकलच्याच चेनची असते. तिची चेन क्रँकवरच्या ४४ दात्यांच्या चकरीला दिली की क्रँक मिनिटाला ६१ फेरे फिरतो, म्हणजे माणूस आरामात पायडल मारतो त्याच चालीने, ही फार सोयीची गोष्ट आहे कारण पाय आणि मोटर भांडत नाहीत. क्रँकवर शेजारी दुसरी ४४ ची चकरी, तिच्यावरून नेहमीची चेन मागे. मागच्या २८ दात्यांवर १२ चा स्पीड, १४ दात्यांवर २४ च्या जरा खाली. कायद्याची ताशी २५ किलोमीटरची हद्दही आपोआप पाळली जाते, वॉटची हद्द आणि कागदाची अडचण खाली रामदासपेठेच्या उत्तरात वाचा.

आता खरी डोकेदुखी, फ्रीव्हील, म्हणजे एका दिशेने जोर देणारं आणि उलट दिशेने मोकळं फिरणारं. एकूण तीन लागतात. मागच्या चाकाचं आहेच. मोटरच्या चकरीत एक पाहिजे, नाहीतर बॅटरी संपली की तुम्ही पायाने मोटरही ओढत घरी याल. आणि तिसरं क्रँकमध्ये, नाहीतर मोटर चालू असताना पायडल तुमच्या पायाखाली गरगर फिरत राहतील, वळणावर सायकल तिरपी झाली की पायडल रोडला लागून पडालच, आणि पँट अडकली तर सोडवायला वेळ नाही. हे तिसरं टाळून बनवलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत, मला त्या चालवायच्या नाहीत.

फ्रीव्हील क्रँक ऑनलाइन मिळतो, ट्रायल्सच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या सायकलींना येतो तो. नाहीतर चांगल्या टर्नरकडून लेथवर अ‍ॅडाप्टर करून घ्या, फ्रीव्हीलचा आटा १.३७ इंच, २४ टीपीआय (इंचाला २४ आटे), हे त्याला लिहूनच द्या. आणि एक गोष्ट नक्की सांगा की क्रँकवर फ्रीव्हील उलटं बसतं, तोंड सायकलच्या आतल्या बाजूला. मागच्या चाकात बाहेरचं कडं आतल्याला ओढतं, इथे आतलं बाहेरच्याला ओढणार, म्हणून. सरळ बसवलं तर पायडल पुढे मारले तरी काहीच होणार नाही आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतील. चकऱ्या नटबोल्टने बसतील असं फ्लँजवालं, म्हणजे भोकांची कडा असलेलं फ्रीव्हील घ्या, त्यावर वेल्डिंग मारू नका, आतल्या स्प्रिंगा उष्णतेने मेल्या की काम संपलं.

मोटरची प्लेट फ्रेमला क्लॅम्पने धरा, त्याखाली रबर. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वेल्डिंगचं नावही काढू नका. प्लेटला लांबट भोकं पाडा म्हणजे चेन ढिली झाली की मोटर सरकवून ताणता येते. दोन्ही चकऱ्या एका रेषेत आहेत का ते लांब पट्टी लावून बघा, डोळ्याने बघून चालत नाही, दोन-तीन मिलिमीटर वाकडं असलं तरी चेन उतरत राहते. गिअर टाकताना थ्रॉटल, म्हणजे मोटरचा अ‍ॅक्सिलरेटर, सोडायचं, पायाने हलकं फिरवायचं, गिअर बसला की परत थ्रॉटल. ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारा स्विच येतो, तो लावाच, गिअर टाकतानाही ती मूठ जराशी दाबली की काम होते. थ्रॉटल दाबून गिअर टाकले तर चेन महिनाभरही टिकणार नाही, छोटी १४ ची चकरी तशीही लवकर झिजते, ती एक्स्ट्रा घेऊन ठेवा.

मानेवाड्याहून एक वाचक : ऑनलाइन ८० सीसीचं पेट्रोल किट दिसते, सायकलच्या फ्रेममध्ये बसते म्हणतात. त्यालाही गिअर जोडता येतात का? टाकू का?

उत्तर : गिअर जोडता येतात, मधे एक आडवा शाफ्ट टाकून इंजिनचा जोर क्रँकवर आणतात. पण टाकू नका. ८० सीसी लिहिलेली ती टू-स्ट्रोक किटं मोजली तर ६६ ते ६९ सीसीची निघतात, आणि मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच. त्याच्या वर गेलात की ती गाडी झाली, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लायसन सगळं आलं, आणि घरी बनवलेल्या सायकलचं रजिस्ट्रेशन करून देणारा आरटीओ तुम्हाला भेटला तर मलाही कळवा. शिवाय किटची मागची चकरी स्पोकला रबराच्या तुकड्यांमधून आवळतात, एक बाजू ढिली झाली की स्पोक तुटायला लागतात. पायडलवाली पेट्रोल गाडीच पाहिजे तर आपल्याकडे १९७२ पासून लूना होती, कोणाच्या तरी अंगणात पडलेली कागदपत्रांसकट मिळाली तर ती दुरुस्त करा, त्यात मजा जास्त आहे.

जरीपटक्याहून एक वाचक : बॅटरी कोणती घेऊ? मे महिन्यात पार्किंगमध्ये उन्हात राहते सायकल. जुन्या लॅपटॉपच्या सेलमधून मित्र पॅक बनवून देतो म्हणतो, स्वस्तात.

उत्तर : मित्राला चहा पाजा आणि नाही म्हणा. जुन्या सेलची प्रत्येकाची क्षमता वेगळी झालेली असते, कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि सगळा त्रास त्याच्यावर येतो, वर आपल्याकडचं ऊन.

लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, आठ सेलचा पॅक, २५.६ व्होल्ट. साध्या लिथियम-आयनपेक्षा जड पडते पण गरमीत भडकायची शक्यता बरीच कमी. पायडल मारत चालवलं तर किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर धरा, म्हणजे वरच्या हिंगण्याच्या भाऊंसारखं जाऊन-येऊन २८ किलोमीटर असेल तर १५ एएचचा (अँपिअर-अवर) पॅक, ३८४ वॉट-अवर होतात. लेड-अ‍ॅसिडच्या १२ व्होल्ट १२ एएचच्या दोन स्वस्त मिळतील पण आठेक किलोचं ओझं, आणि पूर्ण रिकाम्या करत राहिलात तर लवकर बसतात, त्यामुळे छापलेल्यातली निम्मीच आपली समजायची.

बीएमएस, म्हणजे सेलना जास्त भरू किंवा जास्त रिकामं होऊ न देणारं सर्किट, नसलेला पॅक घेऊ नका. बॅटरीच्या प्लसला लागूनच २० अँपिअरचा फ्यूज, कंट्रोलरजवळ (मोटरला करंट देणारा डबा) नाही तर बॅटरीजवळ, कारण मधली वायर फ्रेमला घासून सोलली गेली तर तिथेच शॉर्ट होणार.

आणि नागपूरची खास गोष्ट. लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात, मेमध्ये आपल्याकडे सावलीतच तेवढं असते. दुपारी उन्हातून आलात की लगेच चार्जर खुपसायचा नाही, पॅक काढून घरात आणा, थंड होऊ द्या. पहाटे लावलेलं सगळ्यात चांगलं, ५ अँपिअरचा चार्जर असला तर तीन-सव्वातीन तासांत भरते. रात्री लावून झोपायचं नाही, आणि बाहेर पडायच्या एकुलत्या एक दाराजवळ तर अजिबात लावायचं नाही. म्हणून पॅक पटकन निघेल असाच बसवा, वेल्डिंग करून पिंजरा बनवून टाकतात काही जण, मग दिवसभर उन्हात भाजत राहतो.

रामदासपेठेतून एक आई : माझा मुलगा अकरावीत आहे. गॅलरीत सायकल उलटी टांगून मोटर बसवतोय, अभ्यास बाजूला. १००० वॉटची मागवणार म्हणतो. पोलीस पकडतील का? मी परवानगी देऊ का?

उत्तर : ताई, बनवू द्या, पण १००० वॉट नाही. नियम असा आहे की मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि स्पीड २५ पेक्षा कमी असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, पायडल असिस्टच्या सायकलीत पायडल थांबले की किंवा २५ ला पोचलं की मोटर बंद व्हायला पाहिजे, ब्रेक नीट पाहिजेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. यात एक मेख आहे, हे सगळं सरकारमान्य टेस्टिंग संस्थेने तपासून दिलेलं असावं लागतं, पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही त्यातली एक. घरच्या सायकलीकडे तो कागद नसतो. म्हणून निदान आकडे तरी हद्दीत ठेवायचे, २५० च्या आतली मोटर आणि पायडल फिरताना ओळखणारा सेन्सर लावून घ्यायचा. कागद नाही म्हणून त्याने ती कॉलनीच्या आतच चालवावी असं माझं मत, मेन रोडवर नको. १००० वॉट म्हणजे सरळ मोटरसायकलच्या गटात, लायसन नसलेल्या मुलाच्या हातात.

पोलिसांपेक्षा मला ब्रेकची काळजी जास्त वाटते. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होते, हे त्याने अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकलेलंच असेल, त्यालाच काढून दाखवायला सांगा. मोटरच्या आधी ब्रेकला हात लावला असेल तरच पुढचा खर्च द्या. आणि हेल्मेट.

महालातून एक ज्येष्ठ वाचक : आमच्या वडिलांची २८ इंची इंग्लिश सायकल आहे, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. फिरतो अजून. त्यावर मोटर चालेल का?

उत्तर : काका, चालेल, आणि मला विचाराल तर हा हब सात गिअरपेक्षाही मोटरला बरा, कारण मागे एकच चकरी असते, चेन सरळ रेषेत राहते. गिअरचं प्रमाण पाऊण, एक आणि सव्वाच्या जरा वर, एकास १.३३. वर सांगितलेली ९ ते ४४ ची जोडणी ठेवली आणि मागे २० दात्यांची चकरी टाकली तर २८ इंची चाकावर १३, पावणेअठरा आणि साडेतेवीस असे स्पीड मिळतात. १८ ची टाकाल तर तिसऱ्या गिअरमध्ये २५ च्या वर जाते, म्हणून २० च.

या जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा असते, केबल जरा ढिली असली की हब तिथे घसरतो, पायाने मारताना नुसता झटका बसतो पण मोटर जोरात असताना घसरला तर आतले दात जातात. त्यामुळे अ‍ॅक्सलमधून निघणारी छोटी साखळी नीट ताणून घ्या, हबच्या भोकातून तेलाचे थेंब टाका, ग्रीस नाही. गिअर बदलताना मोटर बंदच.

ब्रेक मात्र रॉडचे असतील. ते रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, आणि त्या रिमला बाजूला सपाट जागाच नसते, त्यामुळे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे साधे कॅलिपर ब्रेक त्यावर बसत नाहीत. मोटर टाकायची तर पुढचं चाक ड्रम ब्रेकचा हब टाकून नव्याने विणून घ्या, ड्रमचा धरणारा दांडा फोर्कला पक्का आवळा, जुनं चाक तसंच माळ्यावर ठेवून द्या.