पहिला होम सर्व्हर: पैसे डिस्कवर घाला, प्रोसेसरवर नको

फाइल्स ठेवायच्या आणि दहा-बारा हलके कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम) चालवायचे, एवढ्यासाठी चार कोअरचा जुना ऑफिस डेस्कटॉप आणि १६ जीबी रॅम पुष्कळ झाली. आत ३.५ इंची दोन डिस्क बसतात का, एवढं मात्र आधी उघडून पाहा. यूएसबी डब्यातल्या डिस्कवर रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) उभारू नका. ताण आला की त्या मध्येच डिस्कनेक्ट होऊ शकतात.

सिस्टिम, कंटेनर आणि त्यांचे डेटाबेस एसएसडीवर. फाइल्ससाठी दोन हार्ड डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत, झेडएफएस या फाइल सिस्टिमवर. डिस्क सीएमआर प्रकारचीच (डेटाचे ट्रॅक एकमेकांवर न चढणारी) घ्या, इथे तडजोड नको. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलून मिरर पुन्हा भरताना वेग कोसळू शकतो, काही तासांचं काम कित्येक दिवस रेंगाळू शकतं, आणि तोवर सगळा डेटा उरलेल्या एकाच डिस्कच्या भरवशावर असतो.

नवख्यांना हमखास छळणारी गोष्ट: रीबूटनंतर डिस्क माउंट होण्याआधीच (तिच्या फोल्डरला जोडली जाण्याआधीच) डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होतो, रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत सुटतो आणि एसएसडी तुडुंब भरते. फाइल्स दिसत नाहीत म्हणून घाबरून काही पुसू नका, आधी माउंट तपासा. डॉकर माउंटनंतरच सुरू होईल असं सिस्टिमडीत (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) बांधून ठेवा.

स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चुका तपासणं, महिन्यातून एकदा. आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. तिसरी डिस्क घ्याच, ती वेगळ्या जागी ठेवा आणि तिच्यावरून एखादं फोल्डर परत आणूनही पाहा.