यंत्रशंका : सेन्सर नाही, मग मायक्रॉन मोजतो कोण?

प्रश्न : आमच्या सांडपाणी प्रकल्पावर चुंबकी बेअरिंगचा टर्बो ब्लोअर आहे, ३०,००० आरपीएमचा. मोटर सेन्सरलेस आहे म्हणतात, तरी पॅनेलवर शाफ्ट किती हलतोय ते मायक्रॉनमध्ये दिसतं. हा आकडा येतो कुठून? आणि वेग घेताना मध्येच कंपन चढून पुन्हा उतरतं, ते का?
– एक देखभाल तंत्रज्ञ, चाकण

उत्तर : सेन्सर नाही तो मोटरला. बेअरिंगचे सेन्सर जागेवरच असतात, आकडा त्यांचा. चुंबकी बेअरिंग शाफ्टला कुठेही न टेकवता विद्युतचुंबकांनी अधांतरी धरतं. चुंबक आणि शाफ्ट यांच्यातली फट कमी झाली की चुंबक शाफ्टला आणखी जोरात ओढतो. मोकळं सोडलं तर शाफ्ट एका बाजूला जाऊन चिकटेल. म्हणून सेकंदाला हजारो वेळा फट मोजून करंट कमी-जास्त करावा लागतो.

मोटरला नसतो तो एन्कोडर, म्हणजे शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर. तो टोकाला बसवायचा तर शाफ्ट लांबवावा लागतो, आणि लांब शाफ्ट कमी वेगातच वाकून थरथरायला लागतो. त्यापेक्षा ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देणारी यंत्रणा, बॅक ईएमएफवरून (रोटर फिरताना मोटरच्या वेटोळ्यांत तयार होणारं व्होल्टेज) रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, कोन काढते. उभ्या रोटरला बॅक ईएमएफ कुठला? म्हणून सुरुवातीला ती अंदाजानेच त्याला फिरवत नेते.

आता कंपन. माझं आयुष्य बॅलन्सिंग मशीनपुढे गेलं, तेव्हा इथे जरा रेंगाळणारच. ३०,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५०० फेरे. या वेगाला वजनाचा मध्य अक्षापासून अवघा १ मायक्रॉन सरकलेला असला, तरी बाहेर खेचणारं बल रोटरच्या वजनाइतकं भरतं! फिरण्याचा वेग रोटरच्या स्वतःच्या नैसर्गिक थरथरीशी जुळतो, तो क्रिटिकल स्पीड; तिथे कंपन चढतं. तो ओलांडला की रोटर आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरायला लागतो आणि कंपन उतरतं. स्वीडनच्या दे लाव्हाल यांनी १९ व्या शतकातच वाफेची टर्बाइन मुद्दाम लवचीक शाफ्टवर चालवून याचा फायदा घेतला होता. चुंबकी बेअरिंग त्याच्या पुढे जातं. फेऱ्यागणिक येणारा हेलकावा कंट्रोलर सिग्नलमधून गाळतो, म्हणजे रोटरला बळजबरीने मधोमध धरत नाही, आणि बॉडीला हादरे बसत नाहीत. हे गाळणं क्रिटिकलच्या अलीकडे सुरू केलं तर बेअरिंग अस्थिर होऊ शकतं, म्हणून ते पलीकडे गेल्यावरच.

कंपन कोणत्या आरपीएमला चढतं, ते दर महिन्याला वहीत लिहा. आरपीएम तोच आणि आकडा वाढतोय, तर इम्पेलरवर (हवा ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर) धूळ बसली असण्याची शक्यता मोठी. हवेचा फिल्टरही तपासा. आरपीएमच सरकला असेल तर इम्पेलर इतक्यात उघडू नका. आधी कंट्रोलरची सेटिंग कोणी बदलली का ते विचारा, मग फाउंडेशनचे बोल्ट बघा.