डीएफडीसाठी, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते हे गोल अन् बाणांनी दाखवणाऱ्या डेटा फ्लो डायग्रामसाठी, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, म्हणतोस?

अरे बाप्पा, पैसे भरायच्या आधी कागद-पेन्सिल घे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एखाद्या संत्रा अडत्याचं काम धर: माल येतो, बोली लागते, पट्टी (विक्रीचा हिशोब) बनते, शेतकऱ्याला पैसे जातात. एवढी एकच आकृती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये काढून पाहा. गोल सरकवला की बाण त्याच्यासोबत येतो का? नाही आला तर ते तिथंच सोड.

चिन्हं आधी ठरव. योर्डन-डीमार्को पद्धतीत प्रक्रिया गोलात असते, गेन-सार्सनमध्ये गोलसर कोपऱ्यांच्या चौकटीत. दोन्हींची खिचडी नको.

खरी गोम लेव्हलमध्ये आहे: वरच्या आकृतीतली एकेक प्रक्रिया खालच्या आकृतीत उलगडून दाखवायची असते. वरच्या आकृतीत ‘पट्टी बनवा’मध्ये वजन, भाव आणि हमाली असे तीन बाण शिरत असतील, तर खालच्या आकृतीतही बाहेरून तेच तीन यायला हवेत. मी एकदा हमालीचा बाण खाली विसरलो. प्रोग्रामातही ती कपात आली नाही, अन् पहिल्याच दिवशी अडत्यानं पट्टी माझ्यासमोर आपटली. चित्र काढणारं साधं सॉफ्टवेअर ही चूक पकडत नाही. त्यासाठी डेटा डिक्शनरी (प्रत्येक बाणातल्या माहितीची नोंदवही) ठेवणारं केस टूल, म्हणजे सिस्टिमचा आराखडा करायचं खास सॉफ्टवेअर, लागतं.

तुझ्यासाठी सध्या ड्रॉ.आयओ पुरे. फुकट आहे, डेस्कटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं. डेस्कटॉप व्हिजिओ विंडोजपुरतंच, शिवाय विकतचं. लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढणारं ग्राफव्हिझ मला आवडतं, पण स्ट्रक्चर चार्टमधले (प्रोग्रामचा कोणता भाग कोणाला बोलावतो ती आकृती) डेटाचे पोकळ अन् फ्लॅगचे (‘झालं की नाही’ सांगणाऱ्या खुणांचे) भरीव टिंबवाले छोटे बाण त्यात बसवताना डोकं उठतं.