उलट्या नोंदीचं पान

धरमपेठ, नागपूर

प्रिय पोरी,
आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. सोशिओनिक्स, म्हणजे माणसांचे स्वभाव प्रकारांत बसवणारी मांडणी. तिच्या सोळा प्रकारांपैकी 'रोबेस्पियर' नावाच्या प्रकारात तू डार्विनला बसवलंस: अंतर्मुख, तर्कानं चालणारा, नव्या शक्यता हेरणारा, पण दांडगाई समोर आली की माघार घेणारा. पुरावेही नेटके जमवलेस. १८३८ मध्ये लग्न करावं की नाही, याची दोन रकान्यांत मांडणी करणारा माणूस. त्याच वर्षी नैसर्गिक निवडीची कल्पना सुचूनही १८५९ पर्यंत पुस्तक न काढणारा. १८६० साली ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धान्तावरून खडाजंगी झाली, तेव्हा तो तिथं नव्हताच. त्याच्या बाजूनं त्याचे मित्र हक्सले आणि हूकर भांडले.

सगळं खरं आहे. पण शेवटच्या पानावर लिहिलंस, 'मीही रोबेस्पियर, म्हणजे फील्डवर्क माझं काम नव्हे.' ते वाचून जीव खालीवर झाला, म्हणून हे पत्र.

१८३३ चा डार्विन तुझ्या वहीत कुठंच नाही. चोवीस वर्षांचा हा पोरगा अर्जेंटिनात गाउचोंसोबत, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांसोबत, घोड्यावरून रिओ नेग्रो नदीकडून ब्यूनोस आयर्सकडे निघतो. मुलुखात लढाई चाललेली. जनरल रोसासच्या छावणीत जाऊन तो त्याची भेट घेतो, प्रवासाचा परवाना मिळवतो आणि रात्री खोगीर अंथरून उघड्यावर झोपतो. ते जगणं त्याला आवडलं, हे त्यानंच लिहून ठेवलंय. दांडगाईपुढं कच खाणारा माणूस हाच का?

आणि म्हातारपणचा बघ. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळलेली. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, बसून नावाचं फुंकवाद्य वाजवलं, ती ढिम्म हलली नाहीत. मग कुंड्या पियानोवर ठेवून एक स्वर छेडला, तशी ती झपकन बिळात शिरली. आवाज ऐकू येत नाही, पण कंप कळतो. १८८१ च्या पुस्तकात हे आलंय. इथं तर्क कुठं संपला आणि ओल्या मातीतलं बघणं कुठं सुरू झालं, सांग बरं.

लिथुआनियाच्या आउश्रा ऑगुस्तिनाविच्यूते यांनी १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या स्वभावप्रकारांवरून सोशिओनिक्सची मांडणी उभी केली. कुणाला कोणती माहिती चटकन उमगते आणि कुठं तो अडखळतो, हा त्यांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तो जरूर विचार. मुख्य प्रवाहातल्या मानसशास्त्रानं मात्र ही मांडणी स्वीकारलेली नाही, हेही वहीत लिहून ठेव.

कारण डार्विनची एक सवय होती. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच, न चुकता टिपून घ्यायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. आत्मचरित्रात त्यानं हे स्वतः सांगितलंय. तू त्याचा प्रकार ठरवलास, पण त्याची ही सवय त्याच्यावरच वापरली नाहीस.

मीही चुकलोय गं. अनेक वर्षांपूर्वी एका मुलीला 'तू लाजाळू, तू प्रयोगशाळेतच रहा' म्हणालो होतो. तिनं ऐकलं नाही. अंबाझरीच्या काठी ती पावसाळाभर सुगरणींची घरटी मोजत बसली. नर अर्धवट विणून सोडून देतो ती वेगळी, मादीनं पसंत केलेली वेगळी. तिचा तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. तिला तसं बोललो, याचं वाईट वाटतं.

आता वहीचं डावं पान कोरं ठेव. डार्विनबद्दल आणि स्वतःबद्दल, तुझ्या निष्कर्षाला न जुळणारं जे जे आठवेल, ते तिथं आधी लिही. तू गोरेवाड्याला रानडुक्कर आडवं आलं तेव्हा जागची हलली नव्हतीस, हे मला आठवतं. तुझ्या वहीत ते नाही.

पाऊस चांगला लागलाय. महाराजबागेत गांडुळांनी मातीच्या बारीक गुंडाळ्या वर काढल्या असतील. रविवारी सकाळी साडेसहाला ये. छत्री नको, रेनकोट आण. दोन्ही हात मोकळे लागतील.

तुझे,
सर